शब्दचर्चा : कोंडवाडा, लिलाव, गुलाम

प्रश्न : साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला गेले होते. तिथे चामर्स स्ट्रीटवर, जुन्या दगडगोट्यांच्या रस्त्याला लागून, 'ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम' आहे. जागा अगदी लहान. उघड्यावर माणसं विकायला शहराने १८५६ साली बंदी घातली, त्याने धंदा काही थांबला नाही, फक्त भिंतींच्या आत गेला. १८५९चं हे लिलावाचं दालन त्यातलंच. शेवटची विक्री १८६३ला झाली. आवारात चार मजली 'बॅराकून' होतं, विक्री होईपर्यंत माणसं तिथे असायची. स्वयंपाकघर होतं, आणि प्रेतं ठेवायची वेगळी खोलीही. ते सगळं पाडलंय. आईला सविस्तर लिहून पाठवतेय. बॅराकूनला 'कोंडवाडा' चालेल का? आणि हल्ली 'स्लेव्ह'च्या जागी 'एन्स्लेव्ड' लिहितात, त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद : कोंडवाडा नको. तो मोकाट गुरांचा, दंड भरला की मालक जनावर सोडवून नेतो. 'कोठडी'ही नको, तिथे गुन्हेगार येतात. बॅराकूनच ठेवा आणि एकदा खुलासा करा : विकण्याआधी माणसं डांबून ठेवायची इमारत. 'डांबणे' नेमकं आहे.

प्रतिसाद : मला तर कोंडवाडाच चपखल वाटतो. गुरांसारखंच वागवत होते ना?

प्रतिसाद : वागवत होते, पण ती विकणाऱ्याची नजर झाली. ताईंनी ती का उसनी घ्यायची? डांबणे.

प्रतिसाद : थोडं अवांतर. 'लिलाव' आपल्याकडे पोर्तुगीज 'लैलाँव'वरून आला. गोव्यात १५८३ ते १५८८ राहिलेला डच लिन्सखोतेन लिहितो की मुख्य रस्त्यावर, म्हणजे रुआ दिरैतावर, रोज सकाळी लैलाँव भरे आणि त्यात घोड्यांबरोबर गुलामही विकले जात. त्यांत आफ्रिकेतून आणलेलेही असत. तेव्हा चार्ल्सटनसाठी 'लिलाव' बेधडक वापरा. 'बोली' लावली तर हल्ली क्रिकेटपटूच डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद : 'गुलाम' आपण फार झिजवलाय. पत्त्यांत गुलाम, 'मी काय तुझा गुलाम आहे?' हे तर घरोघरी. पण जोतीरावांनी १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना लिहिली, त्यामुळे शब्द टाकून द्यायचं कारण नाही. 'गुलाम केलेले' कानाला खटकतं. 'गुलामगिरीत ठेवलेली माणसं' लिहा, म्हणजे कुणीतरी ठेवलं होतं हेही त्यात येतं. प्रत्येक वाक्यात मात्र नको, नाहीतर आई पत्र अर्ध्यावर सोडतील.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि 'हबशी'? आजीच्या तोंडी तोच असायचा.

प्रतिसाद : नको. तो हबश, म्हणजे अ‍ॅबिसिनियावरून, आजच्या इथिओपियावरून आलाय, मलिक अंबरला शोभतो. चार्ल्सटनला आणलेले लोक मुख्यतः पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतले. 'आफ्रिकन' लिहा, आणि तिथेच जन्मलेल्यांना 'कृष्णवर्णीय'.