राजाच्या संडासाची चाकरी सरदार लोक मिरवून का करायचे? ट्यूडर दरबाराबद्दल एक प्रश्न

गढीखालचा, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी, चार दिवस झाले एक प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकायलोय. मी एमए इतिहास पहिल्या वर्षाला आहे, सेमिनारला विषय आलाय ट्यूडर राजघराण्याच्या काळातला इंग्लंडचा दरबार. आठवा हेन्री, सहा राण्या, पोपशी भांडण, इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख राजाच असा १५३४ चा कायदा, मठ मोडले, हे सगळं वाचून झालं, त्यात काही अडचण नाही. पण वाचता वाचता एक पद दिसलं, ग्रूम ऑफ द स्टूल. म्हणजे राजा शौचाला बसला की तिथं हजर राहायचं, पाणी, फडकं सगळं बघायचं. मला वाटलं एखाद्या गरीब नोकराचं काम असेल, तर नाही, चांगल्या खानदानी घरचा माणूस आणि त्या जागेसाठी चढाओढ!

आमच्या गावात देशमुखाची गढी आहे, आता नुसते बुरूज उरलेत, पण आजी सांगते की गढीवरच्या माणसानं स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला तरी गावात चर्चा व्हायची. मग तिकडचे एवढे मोठे जमीनदार आपला वाडा, शेतीवाडी सोडून वर्षानुवर्षं राजवाड्यात कशाला पडून राहायचे आणि हे काम करायचे? लाज नव्हती वाटत का? कोणी नीट समजून सांगितलं तर बरं होईल, सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.

निवृत्त मास्तर, परभणी

बाळा, तुझ्या प्रश्नातच सगळा दरबार आहे. आधी वाड्याची रचना डोळ्यापुढं आण. आपल्याकडं कसं, परका माणूस देवडीवर थांबतो, ओळखीचा सदरेवर बसतो, नात्यातला ओसरीपर्यंत येतो आणि माजघरात फक्त घरचा. ट्यूडर राजवाडा असाच होता, एकात एक खोल्या. आधी मोठा दिवाणखाना, मग पहारेकऱ्यांची खोली, मग राजाचं सिंहासन असलेली भेटीची खोली, आणि त्याच्या आत प्रिव्ही चेंबर म्हणजे खासगी महाल. कोणता माणूस कोणत्या दारापर्यंत जाऊ शकतो यावर त्याची किंमत ठरायची.

हा खासगी महाल वेगळा काढला सातव्या हेन्रीनं, तोच ज्यानं १४८५ ला बॉसवर्थची लढाई मारून गादी घेतली. त्याला सरदारांचा विश्वास नव्हता म्हणून त्यानं आत साधी माणसं ठेवली. पोरगा आठवा हेन्री १५०९ ला गादीवर आला तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता, त्यानं आत आपले दोस्त भरले, बरोबर शिकार करणारे, भाले खेळणारे. तिथून सगळं बदललं. आता शौचकूपाजवळ उभा राहणारा माणूस हा असा एकच माणूस झाला की जो रोज, एकट्यात, राजाच्या कानाशी आहे. कोणाला जमीन द्यायची, कोणाच्या अर्जावर सही घ्यायची, कोणाचं नाव कोणत्या वेळी काढायचं, हे त्याच्या हातात. राजाच्या खासगी खर्चाची थैली पण त्याच्याकडंच. लाज कसली, बाहेर मोठमोठे लोक त्याच्या ओळखीसाठी ताटकळत असायचे.

हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी, त्याला हे बरोबर कळलं होतं. १५२६ ला त्यानं राजवाड्याच्या कारभाराचे एल्थमचे नियम काढले, वरून कारण खर्च कमी करायचा, पण खासगी महालातली माणसं पंधरावर आणली आणि विल्यम कॉम्प्टनला ग्रूमच्या जागेवरून हलवून हेन्री नॉरिसला बसवलं. पुढं १५३६ ला हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलीन हिच्यावर बालंट आलं तेव्हा ज्यांची नावं तिच्याशी जोडली त्यात हाच नॉरिस होता. १७ मे ला त्याचं मुंडकं उडालं, १९ ला तिचं. दहा वर्षं राजाच्या इतक्या जवळ राहिलेला माणूस. जवळ असण्यात हा धोका पण होता हे सेमिनारमध्ये नक्की सांग.

आणि शेवटचं प्रकरण तर लिहूनच ठेव. १५४६ च्या शेवटी हेन्री इतका आजारी की कागदांवर स्वतः सही करत नव्हता. सहीचा एक कोरडा शिक्का होता, तो कागदावर दाबायचा आणि उठलेल्या खुणेत शाई भरायची. तो शिक्का ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्यात मुख्य कोण तर अँथनी डेनी, म्हणजे त्या वेळचा ग्रूम ऑफ द स्टूल. राजाच्या मृत्युपत्रावर सुद्धा तोच शिक्का आहे. राजा मरणार असं तोंडातून काढणं म्हणजे राजद्रोह, त्यामुळं वैद्य पण गप्प, तेव्हा पलंगाजवळ जाऊन तुमची वेळ आली म्हणून सांगायची छाती डेनीनंच केली. २८ जानेवारी १५४७ ला राजा गेला. आता मला सांग, हे काम हलकं का भारी?

निळी शाई, नांदेड

मास्तरांनी फार छान सांगितलं. मी एवढंच जोडते की हे पुरुष राजाचं झालं, गादीवर बाई आली की काय होतं ते पण बघ, कारण माझ्या मते तो भाग जास्त भारी आहे. १५५८ ला आठव्या हेन्रीची लेक एलिझाबेथ आली आणि खासगी महाल बायकांचा झाला. म्हणजे जे मोठे मोठे अर्ल आणि लॉर्ड आतापर्यंत आत घुसायची धडपड करायचे त्यांच्यासाठी ते दारच बंद! मग ते बायकोला, बहिणीला, लेकीला आत ठेवायचे आणि बाहेरून निरोप. ब्लँच पॅरी नावाची बाई होती, राणीच्या बाळपणापासून ती जवळ, राणीचे दागिने आणि पुस्तकं तिच्या ताब्यात.

या बायकांनी काय सोसलं ते कोणी सांगत नाही. १५६२ ला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राणीला देवी आल्या, वाचते की नाही अशी अवस्था. तेव्हा खासगी महालातली मेरी सिडनी रात्रंदिवस जवळ बसून होती. राणी वाचली, पण मेरीला देवी लागल्या आणि तिचा चेहरा इतका खराब झाला की पुढं ती लोकांत यायचं टाळायला लागली. माझी पणजी देवीच्या वणांमुळं आयुष्यभर पदर खाली ओढून बसायची असं आई सांगते, म्हणून ही मेरी मला विसरता येत नाही.

आणखी एक, हेंट्झनर नावाचा जर्मन प्रवासी १५९८ ला ग्रीनिच राजवाड्यात गेला होता, त्यानं राणीच्या जेवणाचं वर्णन लिहून ठेवलंय. राणी तिथं नाहीच, आणि माणसं रिकाम्या टेबलासमोर तीनतीनदा गुडघे टेकतायत, मग चादर अंथरतात, मग पहारेकरी चोवीस ताटल्या घेऊन येतात आणि एक बाई प्रत्येक पहारेकऱ्याला त्यानंच आणलेल्या ताटलीतला एक घास खायला लावते, विषाच्या भीतीनं. मग त्यातलं राणीला हवं ते आत जातं आणि ती आत एकटीच जेवते. तिचे दात काळे होते हे पण त्यानंच लिहिलंय आणि साखर फार खाल्ल्यामुळं असं त्याचं म्हणणं.

बालाघाटचा, धाराशिव

सगळं ठीक आहे पण या चोवीस ताटल्या भरत कोण होतं ते पण सांगा की. हॅम्प्टन कोर्टच्या मुदपाकखान्यात सहाशे माणसांचं दोन वेळचं शिजायचं. ते धान्य, मांस, लाकूड कुठून यायचं? पर्व्हेयन्स नावाचा हक्क होता, म्हणजे राजाची माणसं गावात येणार, बाजारापेक्षा कमी, त्यांनीच ठरवलेल्या भावानं माल उचलणार, वरून तुमची गाडी आणि घोडी पण सामान ओढायला नेणार. एलिझाबेथ बऱ्याच उन्हाळ्यांत दौऱ्यावर निघायची, मागं शेकडो गाड्या. आपल्याकडं निजामाच्या राज्यात साहेब दौऱ्यावर आला की गावाला वेठ पडायची, कोंबडी द्या, चारा द्या, बैल जुंपा. माझ्या आज्यानं ते केलंय. त्यामुळं मला ते राजवाड्याचं वैभव वाचताना आधी गाडीवानच दिसतो.

दौऱ्यात ज्याच्या घरी राणी उतरेल त्याचं पण कंबरडं मोडायचं. १५७५ ला तिचा लाडका सरदार रॉबर्ट डडली यानं आपल्या केनिलवर्थच्या किल्ल्यात तिला १९ दिवस ठेवलं, आतषबाजी, नाटकं, शिकार, तळ्यात पाण्यावरचे देखावे. एवढा पैसा उगाच नाही ओतत कोणी. आणि बऱ्याच जणांना वाटतं ते वेडे होते म्हणून खर्च करायचे, मला ते पटत नाही, त्यांना परत काहीतरी मिळायचं म्हणूनच करायचे.

गढीखालचा, अंबाजोगाई

सर, ताई, दादा, तिघांचे मनापासून आभार. देवडी, सदर, माजघर हे मी जसंच्या तसं सांगणार आहे, आमच्या वर्गात लगेच कळंल सगळ्यांना. पण दादांनी म्हणलं ते परत काय मिळायचं, रोख पगार का जमीन? कारण राजवाड्यातला पगार तर फार नव्हता असं मी वाचायलोय.

निवृत्त मास्तर, परभणी

पगार नावाला. जेवण, सरपण, मेणबत्त्या, राहायला खोली हे मिळायचं, पण खरी कमाई म्हणजे जमिनी, वतनासारखी पदं, आणि मक्ते. मक्ता हा शब्द तुला समजवायला नको, आपल्या भागात अजून आहे. अर्ल ऑफ इसेक्सचं उदाहरण घे. एलिझाबेथचा लाडका, आणि बाहेरून येणाऱ्या गोड वाइनच्या जकातीचा मक्ता त्याच्याकडं, त्यावरच त्याचं सगळं कर्ज चाललेलं. १५९९ ला आयर्लंडची मोहीम फसली, हा परवानगी न घेता परतला आणि सकाळी चिखलाच्या कपड्यांनिशी सरळ राणीच्या शयनगृहात घुसला, तिचा केसांचा टोप, रंग, काही झालेलं नव्हतं. मी वर दारांबद्दल लिहिलं ना, यानं सगळी दारं एका दमात ओलांडली. राणीनं त्याला कैदेत टाकलं, आणि पुढं १६०० मध्ये मक्त्याची मुदत संपली तेव्हा तो त्याला पुन्हा दिलाच नाही.

सावकार दारात आले. फेब्रुवारी १६०१ ला त्यानं तीनशेक माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर उठाव केला, त्याला वाटलं शहर मागं येईल, एक पण आला नाही. २५ फेब्रुवारीला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात त्याचं डोकं उतरवलं. गोड वाइनचा मक्ता राणीनं स्वतःकडंच ठेवून घेतला.