प्रतिसाद : दह्यातील यीस्टची मोजणी

फोंड्यातील दुकानातून आणलेल्या दह्याच्या डब्यांची झाकणे फुगली असतानाही ३७ अंशांवर ४८ तासांत यीस्ट 'शून्य' आले, असे आपण लिहिले आहे. झाकण फुगणे हे बहुधा यीस्टने सोडलेल्या वायूचे लक्षण, म्हणून तो शून्य मला मान्य नाही. यीस्टसाठी क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारे प्रतिजैविक) घातलेले यीस्ट अर्क-ग्लुकोज अगर हे जेलीसारखे वाढ-माध्यम वापरून प्लेटा (उथळ झाकणबंद बशा) २५ अंशांवर ५ दिवस ठेवाव्या लागतात. हे प्रतिजैविक नसेल तर दह्यातील कोट्यवधी लॅक्टिक जिवाणूंच्या गर्दीत यीस्टच्या मोजक्या वसाहती (पेशी वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके) हरवून जातात. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीचे तापमानही २५ च्या वर असते, म्हणून इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) थंड करणारा हवा.

१० ग्रॅम दही ९० मिलिलिटर द्रावणात नीट मिसळून त्याचे पुन्हा दहापट विरलन करावे, त्यातील १ मिलिलिटर प्लेटमध्ये घ्यावे. एकूण विरलन शंभरपट झाल्याने ४६ वसाहती आल्या तर ग्रॅममागे ४,६०० झाल्या. यीस्टची वसाहत बहुधा मलईसारखी गुळगुळीत व उंचवट्याची, बुरशीची लोकरीसारखी दिसते.

घाई असल्यास मेथिलिन ब्लू हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे : मृत पेशी निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात आणि मुकुल (नव्या पेशीचा कोंब) फुटलेली यीस्टची पेशी ओळखू येते. मात्र संख्या कमी असताना ही पद्धत चुकते, तेव्हा प्लेटच लावावी.