कोस्टिला काउंटी : पाच एकर स्वस्तात मिळतात, पण त्यावर घर चालेल का?

(मंचावरील चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे.)

माळरान

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेली कोस्टिला काउंटी गेले काही महिने आमच्या घरातल्या बोलण्याचा विषय झाली आहे. संकटकाळाची आधीपासून तयारी ठेवणारे प्रेपर आणि स्वतःचे अन्न, वीज, पाणी स्वतः उभे करू पाहणारे होमस्टेडर, या दोघांचीही नजर तिथे का वळते, हे नकाशा पाहिला की कळते. क्षेत्रफळ सुमारे 3,200 चौरस किलोमीटर आहे आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली जेमतेम साडेतीन हजार. डेन्व्हर चार तासांवर आहे, म्हणजे शहरातला गोंधळ दारापर्यंत येणार नाही आणि गरज पडली तर शहर गाठताही येईल. आकाश बहुतेक दिवस निरभ्र असल्याने सौर पॅनेलवर घर चालवता येते. शिवाय 1970 च्या दशकात विकासकांनी इथली हजारो एकर जमीन तुकडे पाडून विकायला काढली, त्यामुळे पाच एकरांचा तुकडा आजही काही हजार डॉलरमध्ये मिळतो.

उणी बाजू मला एकच दिसते, ती म्हणजे थंडी. ही काउंटी ज्या सॅन लुइस दरीत आहे, तिचा तळच 2,300 ते 2,400 मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत रात्रीचे तापमान उणे 15 ते 20 अंशांपर्यंत उतरणे नेहमीचे आहे. मात्र जाड भिंती, लाकडाची शेगडी आणि दक्षिणाभिमुख काचघर यांनी थंडीवर मात करता येते. म्हणून माझे मत असे की कर्ज न काढता स्वावलंबी व्हायचे असेल, तर कोस्टिलाइतकी अनुकूल काउंटी अमेरिकेत क्वचितच सापडेल. अनुभवी सदस्यांनी आपले मत जरूर मांडावे.

पाटकरी

आपल्या मताशी मी पूर्णपणे असहमत आहे. थंडीपेक्षा किती तरी मोठी अडचण आपल्या लेखातून सुटली आहे आणि ती पाण्याची आहे.

दरीच्या तळाशी वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सात ते दहा इंच, म्हणजे 180 ते 250 मिलिमीटर पाणी पडते. तेवढ्यावर शेती होत नाही, ती सिंचनावरच होते. आणि कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीबरोबर आपोआप मिळत नाही. ज्याने आधी पाणी वापरायला घेतले त्याचा हक्क आधी, असा तिथला कायदा आहे. राज्यातला सर्वांत जुना अखंड चालत आलेला पाणीहक्क याच काउंटीतल्या सॅन लुइस गावच्या पाटाचा आहे, आणि तो 1852 सालचा आहे. त्या रांगेत आज जमीन घेणारा कुठे उभा राहणार, याचा विचार करावा.

विहिरीचेही तसेच आहे. 35 एकर किंवा त्याहून मोठी जमीन असेल, तर साधारणपणे घरासह एक एकरापर्यंतची बाग आणि जनावरे यांसाठी विहिरीचा परवाना मिळू शकतो. त्याहून लहान तुकड्यावर बहुधा फक्त घरातल्या वापरापुरती परवानगी मिळते. बाहेर वाफ्याला पाणी घालायचे नाही, कोंबड्या-शेळ्यांनाही पाजायचे नाही. ज्या पाच एकरांवर भाजी पिकवता येत नाही, त्यांना होमस्टेड कसे म्हणायचे? त्यातच दव न गोठता, म्हणजे हिमतुषाराविना जाणारा काळ जेमतेम तीन महिन्यांचा. टोमॅटो पिकेपर्यंत थंडी परत येते.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला आहे. पांझरेवरच्या फडात, म्हणजे सामाईक पाटाच्या शेतीत, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने दिलेल्या पाळीवर आमच्या आजोबांची शेती झाली, म्हणून पाण्याची पाळी नसलेली जमीन पाहिली की मला तिची किंमत दिसतच नाही.

माळरान

पाणीहक्काचा मुद्दा मला मान्य आहे, पण छतावरचे पाणी आपण विचारात घेतलेले नाही. विहिरीच्या परवान्यास जे पात्र आहेत आणि ज्यांना नळाचे पाणी मिळत नाही, अशा ग्रामीण रहिवाशांना 2009 च्या कायद्याने छतावरचे पाणी साठवण्याची मुभा दिली आहे. मोठी टाकी बांधली तर हा प्रश्न बराच सुटेल.

पाटकरी

साठवलेले पाणी विहिरीच्या परवान्यात जो वापर लिहिला आहे त्याच वापरासाठी घेता येते, म्हणजे पाच एकरांवर पुन्हा घरापुरतेच. आता हिशेब करून पाहा. शंभर चौरस मीटरचे छत आणि 200 मिलिमीटर पाऊस धरला, तर एक थेंबही वाया न जाता वर्षाला वीस हजार लिटर मिळतील. दिवसाला पंचावन्न लिटर. दोन माणसे काटकसरीने जगतील, मात्र बटाट्याच्या सऱ्या जगणार नाहीत. बाकीचे पाणी टँकरने आणावे लागेल, आणि जो टँकरवर अवलंबून आहे त्याने संकटाची तयारी केली आहे असे मी तरी म्हणणार नाही.

उंबरठा

आपण दोघेही ही काउंटी रिकामी आहे असे धरून बोलत आहात, याचे मला वाईट वाटते. सॅन लुइस हे कोलोरॅडोतले सर्वांत जुने गाव आहे, त्याची स्थापना 1851 ची. इथली स्पॅनिशभाषक कुटुंबे आजही 'असेकिया' नावाचे सामाईक पाट सांभाळतात, वसंतात एकत्र येऊन गाळ काढतात आणि 'मायोर्दोमो', म्हणजे त्यांचा पाटकरी, पाणी वाटून देतो. डोंगरावरच्या सुमारे 77,000 एकरांत गुरे चारण्याचा आणि लाकूड आणण्याचा त्यांचा पिढीजात हक्क होता. 1960 मध्ये एका लाकूड व्यावसायिकाने तो डोंगर विकत घेऊन वाट बंद केली. तो हक्क परत मिळवायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल यावा लागला.

स्वावलंबन पाहायचे असेल तर ते इथे दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे, फक्त ते एकट्याच्या कुंपणाआड नाही. 2018 च्या जून अखेरीस फोर्ट गार्लंडजवळ पेटलेल्या वणव्याने या आणि शेजारच्या काउंटीत मिळून एक लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले. अशा वेळी तळघरातले धान्य उपयोगी पडत नाही. रस्ता कुठला मोकळा आहे हे सांगणारा शेजारी लागतो. रुग्णालयासाठीही सॅन लुइसहून अलामोसापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागते. म्हणून माझ्या मते काउंटी योग्य आहे, पण माळावरचे पाच एकर नव्हेत. पाटाचा हिस्सा जोडलेला गावालगतचा एक एकर मिळाला, तर तो महाग असला तरी घ्यावा आणि गाळ काढायच्या दिवशी फावडे घेऊन हजर राहावे.

माळरान

पाटाच्या हिश्श्यासह विकायला निघालेली जमीन किती थोडी असते, हे आता पाहू लागल्यावर लक्षात येत आहे. थंडीबद्दलचे माझे मत कायम आहे, पण पाच एकरांच्या तुकड्यासाठी पैसे पाठवणे मी थांबवले आहे. एप्रिलमध्ये पाट सुरू होण्याच्या सुमारास आम्ही दोघे तिथे जाऊन आठवडाभर राहणार आहोत.

पाटकरी

जाल तेव्हा जमिनीच्या कागदांत पाण्याचा हक्क वेगळा लिहिलेला आहे का, हे स्वतः वाचून पाहा. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.