डाउनलोड म्हणजे मालकी नव्हे
'ऑफलाइन डाउनलोड केलं की गाणं आपलंच' असं स्ट्रीमिंग ॲपबद्दल म्हणतात, ते काही पटलं नाही. स्पॉटिफायवर ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडलं नाही तर ती डाउनलोड उडतात. वर्गणी थांबली की तसंही संपलं. विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप तर २०२४ मध्ये गुंडाळलंच गेलं, तिथल्या प्लेलिस्टचं काय घेऊन बसलात!

नवीन गाणी शोधायला स्ट्रीमिंग मीही वापरतो, नाही असं नाही. पण जुन्या मैफलींच्या, नाट्यपदांच्या सीडी हाती लागल्या की 'फ्लॅक'मध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात, रिप करतो (संगणकावर उतरवून घेतो). अर्ध्या तासाचा ख्याल साधारण दीडशे एमबी, त्यामुळे एक टीबीच्या डिस्कवर चिक्कार मावतं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. आणि गायक, राग, ताल लगेच टॅगमध्ये (फाइलीसोबतच साठणाऱ्या माहितीत) भरा, नाहीतर 'ट्रॅक ०३' नावाच्या पन्नास फायलींत यमन शोधत बसाल.