अथेन्सच्या एफीबांचे मानसन्मान : शहाणपण की उधळपट्टी?

कातळशिल्प (मूळ लेख)

सक्तीच्या सैनिकी शिक्षणावर बोलणं निघालं की लोक लगेच स्पार्टाचं नाव घेतात. माझ्या मते पाहायला हवं ते अथेन्सकडे, आणि तेही पराभवानंतरच्या अथेन्सकडे. इ.स.पू. 338 मध्ये कायरोनियाच्या मैदानावर मॅसिडोनच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्जच्या फौजा मोडल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांतच, 334-33 पासून, अथेन्समध्ये एका नव्या प्रकारचे शिलालेख दिसू लागतात. अठरा वर्षांच्या मुलांनी दोन वर्षं शहराची लष्करी सेवा करायची, तिला एफेबिया म्हणत. ती करणारा मुलगा एफीब. हे शिलालेख त्या मुलांच्या गौरवाचे आहेत.

व्यवस्था कशी होती ते अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेच्या ग्रंथात नीट सांगितलं आहे. नागरिकांच्या दहा जमाती, म्हणजे गट, होत्या; प्रत्येक जमातीतल्या मुलांच्या बापांनी एकत्र जमायचं, शपथ घ्यायची आणि चाळिशी ओलांडलेली तीन माणसं निवडायची. त्या तिघांतला एक जनसभा नेमायची. हा सोफ्रोनिस्टीस, मुलांच्या वागणुकीला जबाबदार. अशा दहा जमातींचे दहा, आणि सगळ्यांवर एक कोस्मेटीस. मुलं आधी शहरातल्या देवळांना फेरी घालत, मग पिरेयस बंदरात म्युनिकिया आणि अ‍ॅक्टी इथल्या ठाण्यांवर पहाऱ्याला जात. तिथे ढाल-भाल्याची लढाई, तिरंदाजी, भालाफेक आणि दगड-बाण फेकणारी यंत्रं चालवणं शिकायचं. वर्ष सरलं की नाट्यगृहात जनसभेसमोर कवायत, आणि तिथेच शहराच्या हातून ढाल आणि भाला. दुसरं वर्ष सीमेवरच्या चौक्यांवर आणि रानोमाळ गस्तीत जायचं.

भत्ता रोज चार ओबोल (चांदीची छोटी नाणी). तोही मुलाच्या हातात नाही, सोफ्रोनिस्टीसकडे. कारण एका जमातीची मुलं एकत्र जेवत आणि शिधा तोच भरायचा. दोन वर्षं करमाफी. वारसाहक्क, घराण्याचं पुजारीपण अशी मोजकी प्रकरणं सोडली तर त्यांच्यावर खटला नाही, त्यांनीही कुणावर करायचा नाही.

आता मानाचं. केक्रोपिस जमातीच्या 334-33 च्या तुकडीचा दगड आपल्यापर्यंत पोचला आहे. जमातीने त्या मुलांना 500 ड्राख्मांचा सोन्याचा मुकुट जाहीर केला. कारण काय दिलं? मुलं शिस्तीत राहिली, कायद्याने सांगितलेलं सगळं त्यांनी केलं आणि सोफ्रोनिस्टीसचं ऐकलं. त्यांचा सोफ्रोनिस्टीस होता अथमोनॉन गावचा अडेइस्टोस. त्याचाही गौरव झाला. त्याच दगडावर एल्युसिस गावाचा ठराव आहे, कारण या मुलांनी एल्युसिसची राखण चोख केली. स्वतः अथमोनॉन गावाचाही आहे.

सहा ओबोलांचा एक ड्राख्मा. चार ओबोल रोजाने एका मुलाचा वर्षाचा खर्च साधारण 240 ड्राख्मा. म्हणजे तो मुकुट एका मुलाच्या दोन्ही वर्षांच्या भत्त्याहूनही थोडा जास्त किमतीचा. पराभूत, सावध आणि पैसा जपून वापरणाऱ्या शहराने हा खर्च उगाच केला नाही. मान सगळ्या तुकडीला मिळून दिला. तो शौर्याला दिला नाही, कारण लढाई झालीच नव्हती. पहाऱ्यावर रात्र काढणं, हुकूम पाळणं, ठरलेल्या जागी हजर असणं याला दिला. आणि ज्या गावाची राखण केली त्या गावानेही दिला. माझ्या मते एफेबियातलं सगळ्यात शहाणं पाऊल हेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

रानवाटा

लेख आवडला, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

ज्या काळाचा हा दगड आहे त्याच काळात, 330 मध्ये, वक्ता एस्किनीस अथेन्सच्या न्यायालयात उभा राहून नेमक्या याच गोष्टीवर रागावला होता. त्याचा प्रतिस्पर्धी पुढारी डेमॉस्थेनीसला सोन्याचा मुकुट द्यावा असा प्रस्ताव टेसिफॉनने आणला, त्यावरचा तो खटला. एस्किनीस म्हणतो, पूर्वी मान दुर्मीळ होता म्हणून मोलाचा होता. मॅरेथॉनच्या विजयानंतर मिल्टायडीसने चित्राखाली आपलं नाव मागितलं, लोकांनी दिलं नाही. फार तर सगळ्यांच्या पुढे, सैनिकांना हुरूप देताना त्याला रंगवलं. स्ट्रायमॉन नदीवर पर्शियनांना हरवणाऱ्यांना तीन हर्मीसचे स्तंभ मिळाले, त्यावर सेनापतींची नावं नाहीत. आणि 403 मध्ये फायलीच्या किल्ल्याहून येऊन ज्यांनी लोकशाही परत आणली त्यांना? ऑलिव्हच्या डहाळ्यांचा मुकुट, आणि यज्ञ व देवाच्या भेटवस्तूंसाठी सगळ्यांत मिळून हजार ड्राख्मा. माणशी दहा ड्राख्मासुद्धा नाहीत.

लोकशाही वाचवणाऱ्याला झाडाची डहाळी, आणि मास्तरचं ऐकणाऱ्या पोराला सोनं. ही चाल शहाणपणाची नाही, घाबरलेल्या शहराची आहे. हरलेल्यांना मानाची भूक लागते आणि मग ते तो वाटत सुटतात.

शिवाय उपयोग काय झाला? 323 मध्ये अलेक्झांडर मेल्याची बातमी आली आणि अथेन्सने मॅसिडोनविरुद्ध युद्ध पुकारलं. चाळिशीपर्यंतच्या सगळ्या नागरिकांना बोलावलं, म्हणजे दशकभरात तयार झालेल्या एफीबांच्या तुकड्या त्यात असणारच. पुढच्या वर्षी क्रॅनॉनला हार. शरद ऋतूत अँटिपेटरची मॅसिडोनियन फौज म्युनिकियावर चढून बसली. ज्या टेकडीवर ही मुलं पहारा शिकली, तीच टेकडी.

कातळशिल्प

रानवाटा, एस्किनीसचा दाखला चांगला दिलात. पण तो बोलत होता तो मान राजकारण्यांना, हयात पुढाऱ्यांना मिळणारा. एका माणसाला चढवलेला मुकुट आणि अख्ख्या तुकडीला दिलेला मुकुट यात मला मोठा फरक दिसतो. मिल्टायडीसला नाव नाकारलं ते याचसाठी की विजय सगळ्यांचा होता. केक्रोपिसच्या दगडावर मुलांची नावं गाववार कोरली आहेत, सेनापतीच्या मुलाला वर आणि शेतकऱ्याच्या मुलाला खाली असं केलेलं नाही. जुन्या अथेन्सची तीच रीत इथे पुढे चालली आहे.

क्रॅनॉनबद्दल: त्या युद्धात अथेन्सचं कंबरडं समुद्रावर मोडलं, अमोर्गॉसजवळ. जमिनीवर सुरुवातीला त्यांनी अँटिपेटरलाच लामियात कोंडलं होतं. दोन वर्षांच्या पायदळी शिक्षणाला आरमाराच्या पराभवाचा दोष कसा द्यायचा?

माधुकरी

दोघेही मुकुट मिळालेल्यांवर भांडताय. दारातच अडवले गेलेल्यांचं कोण बोलणार?

त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात पहिली पायरी सांगितली आहे ती अशी. मुलगा अठरा वर्षांचा झाला की गावकरी शपथेवर मतदान करतात: वय भरलं का, आणि तो स्वतंत्र, कायदेशीर जन्माचा आहे का. स्वतंत्र नाही असं मत पडलं तर तो न्यायालयात जाऊ शकतो. तिथेही हरला तर शहर त्याला गुलाम म्हणून विकतं. गावकऱ्यांनी लहान वयाचा मुलगा घुसवला तर त्यांना दंड, आणि या मुलाला आयुष्यभराची गुलामी. अठरा वर्षांचं पोर! हे वाचून मला त्या सोन्याच्या मुकुटाचं कौतुक उरत नाही.

ही काही फक्त अथेन्सची गोष्ट नाही. मॅसिडोनियातल्या बेरोइया शहराचा व्यायामशाळेचा कायदा दगडावर सापडला आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. एफीबांनी आणि बावीस वर्षांखालच्यांनी रोज भालाफेक आणि तिरंदाजी करायची, असं त्यात आहे. शरीर कमावणं, शिस्त आणि मेहनत यांना वेगवेगळी बक्षिसं आहेत, आणि बक्षीस म्हणून शस्त्र. कातळशिल्प यांना आवडेल असंच सगळं. पण आत कोणाला घ्यायचं नाही याची यादीही तिथेच आहे: गुलाम, मुक्त केलेले गुलाम, त्यांचे मुलगे, बाजारात धंदा करणारे. मेहनतीला बक्षीस देणाऱ्या शाळेत, दिवसभर मेहनत करून पोट भरणाऱ्याला प्रवेश नाही. अशा मानाला मी शहाणपण म्हणणार नाही.

तळटीप

माधुकरीताईंचा मुद्दा नाकारता येत नाही. पण अथेन्सच्या बाबतीत एक गोष्ट तपासायला हवी: आत आलेल्यांत गरीब होते की नव्हते? अभ्यासकांत यावर जुना वाद आहे. काही म्हणतात फक्त स्वतःची शस्त्रं परवडणाऱ्यांचे मुलगे घेत, काही म्हणतात सगळे नागरिक. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि कारण ते चार ओबोल. ढाल-भाला शहर देतंय, जेवण शहर देतंय. हे सगळं श्रीमंतांच्याच मुलांसाठी कोण करेल?

आणि मला मानापेक्षा हे चार ओबोल महत्त्वाचे वाटतात. पुढे काय झालं ते पाहा. तिसरं शतक उजाडेपर्यंत दोन वर्षांचं एक वर्ष झालं, सक्ती गेली, भत्ता गेला. आधी तुकडीत मुलं शेकड्यांनी असायची, ती तीस-चाळीसवर आली. मानाचे ठराव मात्र थांबले नाहीत, उलट लांबत गेले. मान हाच जर कणा असता, तर मान असताना मुलं का आटली? ज्याला वर्षभर बिनपगारी राहणं परवडतं तोच यायला लागला. कातळशिल्प यांच्या लेखात भत्ता दोन-चार वाक्यांत उरकला आणि मुकुटाला अख्खा परिच्छेद मिळाला, ते मला उलटं हवं होतं.

सांजवारा

मी कातळशिल्प यांच्या बाजूने, पण वेगळ्या वाटेने.

शपथेचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं नवल वाटलं. अखार्नाय गावात सापडलेल्या शिळेवर ती पूर्ण आहे, आणि अथेन्सचा पुढारी लायकर्गस याने 330 मध्ये लिओक्रेटीसवरच्या खटल्यात ती भर न्यायालयात वाचायला लावली होती. पवित्र शस्त्रांना लाज आणणार नाही. रांगेत शेजारी उभा असेल त्याला सोडणार नाही. मातृभूमी मला मिळाली त्याहून लहान नव्हे, मोठी आणि चांगली करून पुढे देईन. साक्षीला अग्लाउरोस, हेस्टिया, युद्धदेव एरीस, अथीना, झ्यूस, हेराक्लीस आहेतच. शेवटी देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर. दुसऱ्या वर्षी मुलगा ज्या शेतांच्या कडेने गस्त घालणार ती शेतंच त्याची साक्षीदार. हे मला कुठल्याही मुकुटाहून मोठं वाटतं.

आणखी एक वाक्य त्यात आहे, ते लोक सहसा गाळतात. जे समंजसपणे सत्ता चालवतात त्यांचं मी ऐकेन. कायदे मोडू पाहणाऱ्याला एकट्याने आणि सगळ्यांसोबत रोखेन. अठरा वर्षांच्या सैनिकाला आज्ञापालन शिकवताना त्या आज्ञेला अट घालणारं शहर आहे हे. स्पार्टाशी ताडून पाहा. झेनोफॉन सांगतो की तिथे तिघा निवडक पुरुषांनी प्रत्येकी शंभर तरुण निवडायचे, आणि हे का घेतले, ते का नाकारले ते जाहीर सांगायचं. मग नाकारलेले आणि निवडलेले भेटतील तिथे एकमेकांशी मारामारी करत, एकमेकांच्या चुका टिपत. झेनोफॉनला त्याचं कौतुक आहे, मला नाही. तिथे मान मिळतो तो शेजाऱ्याला पाडून.

तळटीप यांना सांगायचंय: मुलं आटली, पण संस्था मेली नाही. इ.स.पू. 122 च्या सुमाराचे ठराव सांगतात की एफीब मॅरेथॉनच्या समाधीला माळ घालायला जात, सॅलमिसला अजॅक्सच्या उत्सवाला जात, आणि वर्षभर तत्त्वज्ञांची व्याख्यानं ऐकत. टॉलेमायॉन व्यायामशाळेच्या ग्रंथालयाला शंभर पुस्तकं भेट दिल्याची नोंद आहे. त्या शतकाच्या शेवटी परदेशी मुलांनाही प्रवेश मिळू लागला. माधुकरी म्हणतात ते बंद दार थोडं तरी उघडलं.

माधुकरी

पुस्तकांची देणगी देऊ शकणाऱ्यांच्या मुलांसाठी उघडलं. सीरियातल्या व्यापाऱ्याचा मुलगा आत आला, गावातल्या मुक्त गुलामाचा आला का?

शपथेतल्या त्या अटीबद्दल मात्र मनापासून सहमत. सैनिकी शिक्षणाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने ते वाक्य वाचावं.

कातळशिल्प

तळटीप, तुमच्या भत्त्याच्या मुद्द्याने माझं म्हणणं आणखी नेमकं करायला भाग पाडलं. भत्त्यामुळे मुलगा येऊ शकतो. पण आल्यावर नीट राहावं, पहाऱ्यावर झोपू नये, हे चार ओबोलांनी साधत नाही. शिक्षेने साधेल किंवा मानाने. अथेन्सने मान निवडला, आणि देण्याआधी हिशेब घेतला. नंतरच्या ठरावांत कोस्मेटीसचा गौरव करताना त्याने कारभाराचा जाब दिला आहे हे नमूद केलेलं असतं. आधी जाब, मग मुकुट.

आणि भत्ता गेल्यावरही मान पोकळ झाला असं सरसकट म्हणू नका. मॅसिडोनविरुद्धच्या ख्रेमोनिडीसच्या युद्धातला एक ठराव आहे, मेनेक्लीस अर्खॉन (ज्याच्या नावाने वर्ष ओळखत तो अधिकारी) असतानाच्या, म्हणजे 267-66 च्या तुकडीसाठी. शहर युद्धात सापडलेलं असताना ही सगळी मुलं जागेवर राहिली, कोस्मेटीसचं ऐकत राहिली आणि सेनापतीच्या हुकमाप्रमाणे म्युझियन टेकडीचा पहारा करत राहिली. ही मुलं सक्तीने आलेली नव्हती. घरी जायला कुणी अडवलं नसतं.

रानवाटा

हा ठराव मी मानतो, आणि का ते सांगतो. त्यात टेकडीचं नाव आहे, युद्ध आहे, काय केलं ते आहे. 334 च्या दगडातला एल्युसिसचा ठरावही त्याच जातीचा, कारण राखण झाली ती त्यांच्या घरांची. माझा विरोध उरतो तो पुढच्या दोनशे वर्षांच्या ठरावांना. दुसऱ्या शतकातले दगड एकापुढे एक ठेवून वाचा. यज्ञ केले, बैल उचलले, मिरवणुकीत गेले, शिस्तीत राहिले, मुकुट द्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच शब्द, फक्त अर्खॉनचं नाव बदललेलं. रोमन काळात तर कोस्मेटीसांचे अर्धपुतळे ओळीने उभे राहिले. अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते आजही आहेत. इ.स. 267 मध्ये हेरुली टोळ्या आल्या आणि शहर जाळून गेल्या. नंतर घाईने बांधलेल्या तटाच्या भिंतीत हेच पुतळे दगड म्हणून घातले गेले, तिथूनच ते 1861 मध्ये निघाले.

म्हणून माझी अट एवढीच: ठराव करताना काम लिहा. कोणती चौकी, किती रात्री, कोणाच्या शेताची राखण. ते लिहिता येत नसेल त्या वर्षी मुकुट देऊ नका. कातळशिल्प, तुम्हाला हे मान्य आहे का, की नुसती शिस्त पुरेशी?

कातळशिल्प

नुसती शिस्तही पुरेशी आहे, असंच मी म्हणेन. शांततेच्या वर्षात चौकीवर काहीच घडत नाही, आणि काही घडू नये म्हणूनच तर मुलगा तिथे उभा असतो. तुमच्या अटीने त्या वर्षाची तुकडी कोरडी जाईल, आणि पुढच्या वर्षीची पोरं ते पाहतील.