शिवारात गॅसचा सर्व्हे चालू आहे, विहिरीच्या पाण्याले धोका आहे का जी?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. मी वरोऱ्याकडचा आहो, गावाचं नाव लिहत नाही, उद्या कोणी स्क्रीनशॉट काढून सरपंचाले पाठवला तं माझं गावात उठणं-बसणं कठीण होईन. तं गोष्ट अशी आहे का पंधरा दिवसांपासून आमच्या शिवारात दोन गाड्या येऊन राहिल्या, पोट्टे उतरतेत, धुऱ्याधुऱ्यानं केबल टाकतेत, लाल झेंड्या गाडतेत, एका जागी तं पऱ्हाटीच्या (कापसाच्या) दोन ओळी तुडवून रस्ताच करून टाकला. विचारलं तं म्हणे खाली कोळसा आहे, त्या कोळशातला गॅस काढता येते का ते पाहून राहिलो.

मी म्हटलं पाण्याचं का? तो झेंडीवाला पोट्टा म्हणे, "भैया हमको तो दिन का साढ़े पांच सौ मिलता है, पानी का साहब को पूछो." साहेब काही दिसला नाही आतापर्यंत. मंग ग्रामपंचायतीत गेलो तं समजलं का ना-हरकतच्या कागदावर सही होऊन गेली, ग्रामसभा कधी झाली कोणाले पत्ता नाही. अन् त्या कागदात टाइप करून आहे का भूजलावर कोणताही परिणाम होणार नाही. अजून एक भोक पाडलं नाही अन् परिणाम होणार नाही हे कोणाले दिसलं बाप्पा?

माझ्या काकाची विहीर शेवटच्या झेंडीपासून दोनशे पावलावर आहे. उन्हाळ्यात नळ योजना बंद पडली का अर्धं गाव तिथंच पाणी भरते. खाणीपायी विहिरी कशा खाली गेल्या ते आम्ही पाह्यलं आहे, म्हणून भेव वाटते. या गॅसच्या बोअरनं पाणी खराब होते का, अन् याच्यावर पाहणारं खातं कोणतं? एका व्हिडिओत सांगत होता का अमेरिकेत कंपन्यांनी कायदाच आपल्या सोयीनं करून घेतला, ते खरं का नुसतं व्हॉट्सॲप?

बोअरगाडी_वणी

भाऊ मी पाण्याचे बोअर मारतो, गॅसचे नाही, पण एवढं सांगू शकतो का सगळा खेळ केसिंगचा, म्हणजे भोकात बसवलेल्या पाइपाचा आहे. आपल्या शेतातल्या बोअरले आपण का करतो, वरचा मुरूम-माती संपली, खडक लागला का केसिंग बंद, खाली भोक उघडंच. त्याच्यानं वरचं खारं पाणी, खालचं गोडं पाणी सगळं एक होऊन जाते, पण आपल्याले पाणीच पाहिजे राहते म्हणून कोणी बोलत नाही. गॅसच्या बोअरले तसं चालत नाही. त्याच्यात पाइपाच्या आत पाइप राहते अन् पाइप अन् खडकाच्या मधातली फट सिमेंटनं पूर्ण भरा लागते. ते सिमेंट कुठं पोकळ राहिलं तं गॅस त्या फटीतून वर येते अन् जिथं पाण्याचा थर भेटला तिथं घुसते.

अन् आपल्याकडं वरोरा-वणी पट्ट्यात कोळशाच्या वर कामठीचा वाळूखडक आहे, त्याच्यातच तं आपलं चांगलं पाणी आहे. म्हणजे कोळशापर्यंत जायचं असन तं आपल्या पाण्याच्या घागरीतूनच जा लागते समज.

दुसरी गोष्ट, कोळशातला गॅस आपोआप येत नाही. पाण्याच्या दाबानं तो कोळशाले चिकटून राहते. आधी ते पाणी उपसून काढा लागते, महिनोन्महिने, दाब कमी झाला का मंग गॅस सुटते. तं दोन प्रश्न झाले, उपशानं आजूबाजूची पातळी खाली जाईन का, अन् ते काढलेलं पाणी, जे बहुतेक खारं राहते, ते सोडणार कुठं? नाल्यात सोडलं तं खालच्या गावच्या वावराची वाट लागली.

सिमेंट बरोबर भरलं का नाही ते पाहाची मशीन राहते, पण पाहणारा माणूस कोणाचा राहते ते विचार.

बेरोजगार_इंजिनिअर

सुरू झालं विरोधाचं. अरे अजून सर्व्हेच आहे ना? दहा सर्व्हे होतात तेव्हा एखाद्या जागी काही निघते. कारखाना नको, खाण नको, गॅस नको, मग पोट्ट्यांनी पुण्याला जाऊन डिलिव्हरीच करायची का आयुष्यभर? सिलिंडर भरायला जाता तेव्हा भाव वाढला म्हणून बोंबलता, आणि गॅस आपल्या जमिनीत सापडला तर तेही नको. कोळशापेक्षा गॅस स्वच्छ जळतो हे तरी मान्य करा.

पऱ्हाटीवाला

विरोध कुठं केला दादा मी? प्रश्न विचारला. अन् ती साडेपाचशे रोजाची नोकरी बी बाहेरच्याच पोट्ट्यांले भेटली, आमच्या गावचा एक बी नाही त्या गाडीत.

काळा_कोट_दुसरं_वर्ष

मी मूळचा मारेगावचा, नागपूरला लॉ करतो. अमेरिकेचं जे विचारलं ते व्हॉट्सॲप नाही, खरं आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात तुमच्यासारखीच कोळशातल्या गॅसवरून झाली, म्हणून जरा लांब लिहितो.

तिथं पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचा कायदा १९७४ चा आहे. जमिनीखाली कोणी काही पंप करत असेल तर त्याला परवाना लागतो. अलाबामा राज्यात कोळशाच्या थरात दाबानं पाणी-रेती-केमिकल घालून भेगा पाडायचे (त्यालाच फ्रॅकिंग म्हणतात), त्यावर एक पर्यावरण संस्था कोर्टात गेली आणि १९९७ मध्ये कोर्टानं सांगितलं की हेही या कायद्यात येतं. इंडस्ट्रीला घाम फुटला. २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हाताखाली ऊर्जा धोरणाची समिती बसली, आणि हे चेनी साहेब त्याआधी २००० पर्यंत हॅलिबर्टनचे सीईओ होते, जी कंपनी हेच भेगा पाडायचं काम करते. २००४ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, अभ्यास काढला की कोळशाच्या थरातल्या फ्रॅकिंगचा पिण्याच्या पाण्याला फारसा धोका नाही. त्याच खात्यातल्या वेस्टन विल्सन नावाच्या इंजिनिअरनं खासदारांना पत्र लिहून सांगितलं की हा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही आणि अभ्यास तपासणाऱ्या सात जणांतल्या पाच जणांचे हितसंबंध आहेत. पत्र गेलं फायलीत. २००५ च्या ऊर्जा कायद्यात फ्रॅकिंगला पाण्याच्या कायद्यातून सूट मिळाली, फक्त डिझेल वापरलं तर नियम लागू. लोक त्याला हॅलिबर्टनची पळवाट म्हणतात. आणि डिझेलचं काय झालं, तर २०११ मध्ये संसदेतल्याच काही सदस्यांनी चौकशी करून दाखवलं की २००५ ते २००९ मध्ये कंपन्यांनी १९ राज्यांत ३.२ कोटी गॅलन डिझेल किंवा डिझेलमिश्रित द्रव जमिनीत घातला होता.

म्हणजे लाच घेतली, पाकीट दिलं असला आपल्या डोळ्यापुढचा प्रकार नाही. कायद्यात अर्धी ओळ घालायची, अभ्यास तपासायला आपल्या ओळखीची माणसं बसवायची, काम फत्ते.

पेनसिल्व्हेनियात डिमॉक नावाचं खेडं आहे. १ जानेवारी २००९ ला तिथल्या एका बाईच्या घरामागच्या विहिरीत स्फोट झाला, वरचं काँक्रीटचं झाकण फुटलं. मिथेन साचला होता. मिथेनला वास नसतो, रंग नसतो, चव नसते, म्हणून पाणी पाहून काही कळत नाही. लोकांनी नळाच्या पाण्याला काडी लावून दाखवली तरी कंपनी म्हणे हा गॅस इथं आधीपासूनच होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्याकडे पण हेच वाक्य येणार. शेवटी २०२२ मध्ये त्या कंपनीनं (आधी कॅबॉट, नंतर कोटेरा) कोर्टात आरोप लढवला नाही आणि गावाला नळाचं पाणी आणायला सुमारे १.६३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तेरा वर्षं लागली.

ईपीएनं नंतर देशभराचा मोठा अभ्यास केला. २०१५ च्या मसुद्यात वाक्य होतं की सर्वदूर, व्यवस्थेतच असलेला असा परिणाम दिसला नाही. पेपरात तेवढंच छापून आलं. खात्याच्याच शास्त्रज्ञ मंडळानं विचारलं की या वाक्याला आकडा कुठं आहे, आणि डिसेंबर २०१६ च्या शेवटच्या अहवालातून ते वाक्य काढावं लागलं. पुष्कळ ठिकाणी ड्रिलिंगच्या आधी पाणी तपासलेलंच नव्हतं, मग तुलना कशाशी करणार?

आता आपल्याकडचं. कोळशातल्या गॅसचं केंद्राचं धोरण १९९७ चं आहे, पश्चिम बंगालात राणीगंजला २००७ पासून विक्री सुरू आहे. यावर देखरेख करतं हायड्रोकार्बन महासंचालनालय, १९९३ पासून, आणि ते आहे पेट्रोलियम मंत्रालयाखाली. म्हणजे गॅस काढा म्हणून ब्लॉकचे (गॅससाठी आखलेल्या पट्ट्यांचे) लिलाव करणारं मंत्रालय तेच आणि नीट काढता का ते पाहणारं पण त्याच छताखाली. बोअरगाडी दादांनी विचारलं ना पाहणारा कोणाचा, तर असा. पर्यावरण परवानगीचं सांगतो, जानेवारी २०२० मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून शोधासाठीचं ड्रिलिंग बी-२ वर्गात टाकलं. त्याचा अर्थ पर्यावरण अहवाल नाही, जनसुनावणी नाही. पुढे उत्पादन सुरू करायचं असेल तर मात्र अजूनही अहवाल आणि जनसुनावणी लागते, ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, तीस दिवस आधी पेपरात नोटीस देऊन. अहवाल कोण लिहितो? कन्सल्टंट. पैसे कोण देतो? कंपनी. तेलक्षेत्रांच्या ज्या १९४८ च्या कायद्याखाली हे सगळं चालतं त्यात आधी सहा महिन्यांपर्यंत कैद होती, २०२५ च्या दुरुस्तीत ती जाऊन २५ लाखांपर्यंत दंड आला. खरं सांगायचं तर दंडाचा आकडा आधी हजार रुपये होता, त्यामुळे वाढला असंही म्हणता येतं, पण कंपनीला २५ लाख म्हणजे चहापाणी.

धानाचा_बांध

भंडाऱ्याहून लिहतो. तमिळनाडूत कावेरीच्या खोऱ्यात असंच झालं होतं, मन्नारगुडीचा ब्लॉक, करार २०१० चा. धानवाले शेतकरी उठले, नम्माळवार नावाचे म्हातारे नैसर्गिक शेतीवाले गावोगाव फिरले, त्याच फिरण्यात २०१३ च्या डिसेंबरात गेले. सरकारनं २०२० मध्ये तो पट्टा संरक्षित शेती क्षेत्र करून गॅसच्या नव्या खोदाईवर बंदी घातली. आपल्याकडं पऱ्हाटीसाठी असं कोणी करन का? हसू येते.

बेरोजगार_इंजिनिअर

वकील साहेबांनी चांगलं लिहिलं, मानलं. पण राणीगंजमध्ये एवढी वर्षं गॅस निघतो आहे, तिथल्या सगळ्या विहिरी पेटल्या का? नाही. जमिनीत नैसर्गिक मिथेन असतो हेही खोटं नाही. प्रत्येक वेळी कंपनीच खोटं बोलते असं धरून चालाल तर खरं खोटं ठरणार कधी? आधी पाणी तपासा म्हणता ते बरोबर, त्याला माझा पण पाठिंबा.

पाणीवाली_ताई

मी यवतमाळ जिल्ह्यातली, जलजीवनमध्ये आम्हा पाच बायांना गावात पाणी तपासायची किट दिली आहे, त्या पाचांतली मी एक. वरचं सगळं वाचलं, अर्धं डोक्यावरून गेलं, पण पाण्याचं मला कळतं.

भाऊ, ड्रिलिंगची गाडी यायच्या आधी तुमच्या विहिरीचं पाणी जिल्ह्याच्या लॅबमध्ये द्या, आणि एकाच विहिरीचं नको, झेंड्यांच्या आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आणि हापशांचं द्या. किटवर आमची तपासणी ठीक आहे, पण कागद लॅबचा पाहिजे. क्षार, क्लोराइड, फ्लोराइड हे आकडे लिहून घ्या. फ्लोराइड तर आपल्या पट्ट्यात आधीच आहे, तुमच्याकडे पण लेकरांच्या दातावर पिवळे-तपकिरी डाग असतील. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅमची आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, आमच्या एका हापशाला १.८ आलं होतं तेव्हा लाल रंग मारला. आता उद्या कंपनीवाल्यांनी तपासलं आणि फ्लोराइड निघालं तर ते म्हणतील पाहा, तुमचं पाणी आधीच खराब होतं. आणि ते खरंच असेल! म्हणून आधी काय होतं, किती होतं, हे आपल्याजवळ पाहिजे.

मिथेन मात्र नेहमीच्या तपासणीच्या यादीत नसतो. तो वेगळा सांगून करावा लागतो, त्याचा नमुना पण वेगळ्या पद्धतीनं घेतात, साध्या बाटलीत भरला तर उडून जातो. ते कंपनीकडूनच लेखी मागा, की तुम्ही मिथेनची तपासणी आधी करणार का आणि नमुना घेताना गावचे लोक उभे राहतील का.

बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा धुवायची. लेबलवर तारीख, वेळ, विहीर कोणाची, आणि ग्रामसेवकाची सही. सहीशिवाय देऊ नका.

कोणीतरी_चंद्रपूर

ग्रामसेवक सही करन? 😂 आधी त्याले गावात सापडू तं द्या.

पऱ्हाटीवाला

पाच दिवसांनी लिहतो, कापूस वेचाई चालू होती. ताई, तुमचं ऐकलं. तीन विहिरी अन् शाळेजवळच्या हापशाचं पाणी भरलं. ग्रामसेवक पहिले म्हणे कायले उठाठेव करता, वरून परवानगी आहे. मंग मी त्याले विहिरीवरच बोलावलं, सकाळी सात वाजता, जेव्हा बाया पाणी भरतेत. माझ्या काकूनं पाण्याचा गुंड खाली ठेवून विचारलं, साहेब, तुमच्या घरी कोणतं पाणी जाते? तो बिचारा भाड्यानं आमच्याच गावात राहते, पाणी बी ह्याच विहिरीचं. चारही लेबलवर सही केली त्यानं, पेन बी त्याचाच होता.

लॅबमध्ये देऊन पावती आणली, तारीख टाकून आहे. आकडे आले का इथं टाकतो. वकील भाऊ, माहितीच्या अधिकारात काय काय विचारू? दहा रुपयाचं तिकीट लावा लागते एवढंच माहीत आहे मले.

काळा_कोट_दुसरं_वर्ष

ग्रामपंचायतीला वेगळा अर्ज कर, त्यात फक्त दोन गोष्टी माग: ना-हरकतचा ठराव ज्या ग्रामसभेत झाला तिच्या हजेरी रजिस्टरची प्रत, आणि "भूजलावर परिणाम होणार नाही" हे वाक्य ज्या अहवालावरून लिहिलं त्या अहवालाची प्रत. का लिहिलं असं विचारू नको, ते उत्तर देत नाहीत, कागदच माग. दुसरा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाला, तो मी उद्या टाइप करून इथंच टाकतो. तीस दिवस मोजायला अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का घे, नुसती सही चालवून घेऊ नको.

पऱ्हाटीवाला

बरं. पाणीवाली ताई, एक राहिलंच, बाटल्या भरताना हापशाच्या पाण्यावर बारीक तेलकट थर दिसला, बोटानं मोडला तं काचेसारखे तुकडे झाले त्याचे. हे गॅसचं तं नाही ना?

पाणीवाली_ताई

तुकडे झाले ना? मग ते लोहाचं आहे, हापशात होते तसं. तेल असतं तर बोट काढल्यावर परत जुळलं असतं. पण हे पण लिहून ठेवा, तारखेसकट.