मदत हवी: ऑइल पेंटिंग सुकत नाहीये, रविवारी लावायचंय

तलावपाळी (बुधवार, रात्री ११.३५)
रविवारी नवऱ्याच्या दवाखान्याचं उद्घाटन आहे, घोडबंदर रोडला. सरप्राइज म्हणून ते ॲनाटॉमीचं प्रसिद्ध चित्र हाताने रंगवून घेतलंय. अजून चिकट लागतंय. शनिवारी फ्रेमवाला नेणार. लवकर सुकवायला काय करू? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. प्लीज लवकर.

तिरफळ
कोणतं चित्र? केवढं? सगळं चिकट की एखादाच भाग?

खाडीपलीकडचा
हेअर ड्रायर. लेकीचं शाळेचं पोस्टर पाच मिनिटांत सुकलं होतं.

तिरफळ
अहो, ते पाण्याचे रंग. ऑइल पेंट पाणी उडून सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. गरम हवा मारलीत तर वर साय धरेल, आत कच्चंच. पुढे सुरकुत्या पडतील त्या वेगळ्याच.

तलावपाळी
रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं, डॉक्टर टुल्प प्रेताचा हात उघडून शिकवतोय ते. साडेतीन बाय तीन फूट. प्रेताचा हात, चेहरे, पांढऱ्या कॉलरी कोरड्या आहेत. मागचं काळं बोटाला लागतं. घरी येऊन तीन आठवडे झाले. अजून काय सांगू?

नेरूळची_मावशी
अगं, शुभकार्याला प्रेत? पेशंट दारातूनच परत जातील. छान धन्वंतरी लाव.

हाडाचा_मास्तर
मावशी, ॲमस्टरडॅमच्या सर्जन लोकांनी १६३२ मध्ये स्वतःच्या गिल्डसाठी, म्हणजे संघटनेसाठी, काढून घेतलेला ग्रुप फोटो आहे तो. रेम्ब्रांट तेव्हा पंचविशीचा. टुल्प उजव्या हातातल्या चिमट्याने बोटं वाकवणारे स्नायू उचलतोय आणि स्वतःच्या डाव्या हाताची बोटं वाकवून त्यांचं काम दाखवतोय. डॉक्टर हाडांचा असेल तर याहून चांगलं काय देणार?

तलावपाळी
तो ऑर्थोच आहे, हे लिहायचं राहिलं.

एमबीबीएस_अर्धवट
मग पहिल्या दिवशीच पकडेल. ते बोटं वाकवणारे स्नायू, फ्लेक्सर, कोपराच्या आतल्या बाजूने निघायला हवेत, चित्रात बाहेरून निघाल्यासारखे दिसतात. शिवाय पोट आधी सडतं म्हणून फाडायला सुरुवात पोटापासून करायचे. इथे पोट शाबूत आणि हात उघडा!

हाडाचा_मास्तर
त्या स्नायूंवरून तज्ज्ञांची भांडणं अजून चालू आहेत, तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात. आणि चित्रकाराला हात दाखवायचा होता, पोट नाही.

एमबीबीएस_अर्धवट
म्हणजे चूक नाहीच म्हणायची का? अवांतर: ग्रेज ॲनाटॉमी या डॉक्टरकीच्या पुस्तकाची चित्रं काढणारा कार्टर, पुस्तक निघालं त्याच १८५८ साली आपल्या मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवायचा. त्याची चित्रं लावा, घरचीच आहेत.

खाडीपलीकडचा
रंगवून घेण्यात पैसे कशाला घातले? मूळ चित्र ज्या म्युझियममध्ये आहे त्यांच्या साइटवर मोठी फाइल फुकट मिळते. कॅनव्हासवर प्रिंट काढा, विषय संपला.

तलावपाळी
चित्र बदलायचं नाहीये. चिकटपणावर बोला ना कोणीतरी.

तिरफळ
तीन आठवडे ठेवलं कुठे होतं?

तलावपाळी
पलंगाखाली. सरप्राइज आहे ना. कुरियरने आलं तसंच, बबल रॅपमध्ये. आज उघडलं तर काळ्यावर गोल गोल ठसे उमटलेत, ओळीने, इडलीपात्रासारखे. सुकलं की जातील वाटलं, म्हणून नाही लिहिलं.

तिरफळ
हे पहिल्या ओळीत हवं होतं, ताई! जुलैची ठाण्याची हवा, वर प्लास्टिक, वर पलंगाखालचा अंधार. त्याला श्वास कुठून मिळणार? त्यात काळा रंग आयव्हरी ब्लॅक असेल तर तो मुळातच रडत रडत सुकतो. अंबर हा तपकिरी रंग वापरला असता तर लवकर सुकला असता. चित्रकाराला विचारा काय वापरलंय, आणि वरून व्हार्निश मारलंय का तेही. रविवारपर्यंत पूर्ण सुकणार नाही, ते सोडून द्या. आत्ता बाहेर काढून उजेडाच्या खोलीत उभं ठेवा, कडक ऊन नको. एसी ड्राय मोडवर. पंखा थेट नको, धूळ बसेल. बोट लावून बघणं बंद. ठसे आपोआप जाणार नाहीत. नीट सुकल्यावर चित्रकाराला त्या भागावर पातळ हात फिरवायला सांगा. व्हार्निश मारलं नसेल तर सहा महिने तरी मारू नका.

नेरूळची_मावशी
टाल्कम पावडर लाव गं. पापडाला पीठ लावतो तशी.

तिरफळ
मावशी, नको! ती रंगात बसली की निघणार नाही, काळ्याचं करडं होईल.

नेरूळची_मावशी
आमच्या दरवाज्याचा ऑइल पेंट असाच सुकवला होता.

तिरफळ
दरवाजा आणि रेम्ब्रांट यात फरक आहे. ताई, फ्रेमवाला नक्की काय करणार आहे?

तलावपाळी
काच लावणार. दवाखान्यात धूळ फार म्हणून मीच सांगितली.

तिरफळ
अजिबात नाही! ओल्या रंगाला काच टेकली तर उद्या काढताना टुल्पचा कोट काचेवर येईल. नुसती चौकट करा, हात पोचणार नाही इतकं उंच लावा.

तलावपाळी (शुक्रवार, सकाळी ७.१०)
नवऱ्याला सांगून टाकलं, लपवायला जागाच उरली नाही. चित्र बेडरूममध्ये ड्राय मोडवर, आम्ही दोघं हॉलमध्ये. त्याने आधी ठसे नाही, कोपरच बघितलं आणि अर्धा तास माझाच हात वळवून वळवून दाखवत होता. चित्रकार म्हणतो व्हार्निश नाही, काळा आयव्हरीच. आता फ्रेमवाल्याचा फोन: काच कापून तयार आहे, पैसे लागतील. तीन फुटी काचेचं काय करू?

खाडीपलीकडचा
टीपॉयवर टाका. आमच्याकडे अशीच पडली आहे.